सईच्या बोटाची नानकटाई

थांबा, आधी वासाचं सांगते, बाकी सगळं नंतर.

आज दुपारी, म्हणजे सोलापुरात रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, खिडकीतून एकदम तो वास आला. तूप, साखर, वेलदोडा आणि त्या सगळ्याच्या खाली तापलेल्या विटांचा कोरडा, भाजका वास. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. कुणीतरी मला काहीतरी महत्त्वाचं विचारत होतं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "भट्टी सुरू झाली!"

 टीम लीडर म्हणाली, "कसली भट्टी?"

आता तिला काय सांगणार? मी "नेटवर्क जातंय" म्हणून कॅमेरा बंद केला आणि स्टूल ओढलं. माळ्यावरचा निळ्या झाकणाचा डबा काढायचा होता. सई आतून धावत आली. "आई, आला ना वास? मला आधी आला होता!" यंदा दुसरीत जाईल ती. नाक मात्र तेव्हापासून तेच आहे, तीक्ष्ण.

तेव्हापासून म्हणजे त्या उन्हाळ्यापासून. आम्ही सोलापुरात आलो तो पहिला उन्हाळा. दरवर्षी भट्टीचा वास आला की तो अख्खाच्या अख्खा परत येतो, घामासकट.

मी चिंचवडची. लग्नाआधीही चिंचवडची आणि लग्नानंतरही, कारण नितीन मूळचा इकडचा, सोलापूरजवळच्या करकंबचा असला तरी नोकरीला तिकडंच होता. कंपनीत रात्रपाळी. सई जागी असायची तेव्हा तो झोपलेला, आणि तो उठायचा तेव्हा ती झोपायला आलेली. एकदा पाळणाघरात मुलांना सांगितलं, बाबांचं चित्र काढा. आमच्या सईनं नुसतं पांघरूण काढलं. मोठ्ठं चौकोनी पांघरूण आणि खालून दोन पाय बाहेर. आम्ही इतके हसलो, इतके हसलो! फ्रिजवर लावलं ते चित्र. थोड्या वेळानं बघते तर नितीन गॅलरीत एकटाच उभा. चहा गार झालेला, हातात तसाच.

पुढच्या महिन्यात त्यानं सोलापुरात ट्रॅक्टरच्या शोरूममधली नोकरी धरली. दिवसाची. संध्याकाळी घरी. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं, त्यामुळे मी म्हणाले, येते. पण अट घातली. जूनला सईला बालवाडीत घालायचं होतं. तोपर्यंत सोलापूर मला जमलं तर शाळा तिथली. नाही जमलं तर चिंचवडला परत, आणि मी 'परत' म्हटल्यावर वाद घालायचा नाही.

"न्हाय घालत," तो म्हणाला.

"आणि तोंडही पाडायचं नाही."

"आता तोंडाचं कसं सांगू?"

शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. वर थेट स्लॅब. दुपारी पंखा लावला की इस्त्री फिरवल्यासारखं वाटायचं. सामानाच्या खोक्यांची एका बाजूला भिंत रचली होती. रोजच्या लागणाऱ्या वस्तूंची खोकी उघडली, बाकीची तशीच. 'स्वयंपाकघर – नाजूक' असं मी स्वतः जाड पेननं लिहिलेलं एक खोकं होतं. माझा छोटा ओव्हन, काचेचे बाऊल, केकचे साचे, सगळं त्यात. त्याला मी हातच लावला नाही. ते उघडणं म्हणजे सही करण्यासारखं वाटायचं.

आणि नितीन काय करायचा माहितीये? रिकामी झालेली खोकी नीट घडी घालून कपाटामागे उभी करायचा.

"टाक की रे, झुरळं होतील."

"असू दे. लागली तर?"

  कपाट भिंतीपासून हळूहळू पुढं यायला लागलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी जाहीर करून टाकलं, संध्याकाळी मी गॅस पेटवणार नाही. त्या स्वयंपाकघरात भाकरी तव्यावर न टाकता नुसती धरली असती तरी भाजली असती. मला वाटलं हा आता कुरकुर करणार. तर याचे डोळेच चमकले. "मग भाईर खाऊ की!"

तेव्हा मला कळलं नाही, पण पठ्ठ्यानं खटला उभा केला होता. न्यायाधीश मी. आणि रोज संध्याकाळी एक नवा साक्षीदार!

स्कूटरवर पुढं सई उभी, मधे नितीन, मागं मी. ऊन उतरलेलं असायचं पण रस्ता अजून खालून तापलेला, गुडघ्यापर्यंत गरम आणि वर वारा. पहिला साक्षीदार डिस्को भजी. नाव ऐकूनच सई उड्या मारायला लागली. गाड्यासमोर उभी राहून ती प्लेटीतल्या भज्यांकडे टक लावून बघत बसली. खाईचना.

"खा ना गं, गार होतील."

"कधी नाचणार?"

गाडेवाल्यानं हे ऐकलं आणि प्लेट जराशी हलवली. भजी थरथरली. सई खूश. मग खाल्ली. मी पण खाल्ली, आणि हो, चांगली होती, पण मी तसं म्हणाले नाही. न्यायाधीशानं पहिल्याच साक्षीला मान डोलवायची नसते.

एका रविवारी सकाळी तो आम्हाला पूर्व भागात घेऊन गेला. तिकडं विणकरांची घरं, गल्लीत तेलुगूत गप्पा, आणि घराघरातून यंत्रमागांची खटाखट. टॉवेल निघत असतात. एका ओट्यावर डोसे चालू होते, कागदावर टाकून देत होते, वर लालभडक चटणी. आम्ही पायरीवर बसून खाल्ले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, सई मागाच्या तालावर चावतेय. खट, घास. खट, घास. आणि मग लक्षात आलं की मी पण तेच करतेय. नितीन आमच्या दोघींकडे बघून गालातल्या गालात हसत होता, तर मी मुद्दाम ताल तोडून चावले.

शेंगा चटणीवरून तर भांडणच झालं. मी सहज म्हणाले, "म्हणजे दाण्याचं तिखट कूट ना?"

"कूट?" नितीननं हातातली भाकरी खाली ठेवली. "कूट म्हणती! उखळात कुटल्याली हाय, तेल सुटूस्तोवर. कूट म्हणं. तुमच्या पुण्यात घालतेत साबुदाण्याच्या खिचडीत, ते कूट."

"आमचं पुणं काढू नकोस हां. आणि आमचं चिंचवड आहे."

"व्हय, आणि दुपारी दुकान बंद."

"आणि इथं दुपारी माणसंच बंद!"

कडक भाकरी आली ती ताटाएवढी, पापडासारखी कुरकुरीत. सईनं तिच्यावर भाजी वाढून घेतली, दही घेतलं, चटणी घेतली, आणि शेवटी खालचं सगळं कडाकडा मोडून खाल्लं. मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंना अभिमानानं सांगितलं, "मी ताट खाल्लं."

तळ्याकाठची भेळ, बर्फ किसून दिलेलं सरबत, तिखटजाळ रस्सा ज्यानं माझ्या नाकाडोळ्यातून धारा लागल्या आणि सई मात्र "अजून" म्हणाली... सगळं आठवतंय. पण खोटं कशाला बोलू, रोज परत येताना स्कूटरवर सई एकच प्रश्न विचारायची.

"आता घरी जायचं?"

"हो, घरीच चाललोय."

"हे नाही. घरी."

घरी म्हणजे चिंचवड. तिथं खाली पार्किंगमध्ये मुलं होती, तिची मैत्रीण होती, आजी होती. इथं सुट्ट्यांमुळे गल्लीतली पोरं मामाच्या गावाला गेलेली. दुपारभर ती गजांना नाक लावून रिकाम्या गल्लीकडे बघत बसायची. ती 'घरी' म्हणाली की नितीनची पाठ ताठ व्हायची. मागे बसून मला दिसायचं. तो काही बोलायचा नाही, वाद घालायचा नाही असं ठरलं होतं ना. तो फक्त दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडा, आणखी एक ओटा शोधून काढायचा. मला कधी कधी त्याचं इतकं वाईट वाटायचं! आणि कधी कधी राग यायचा, की अरे, माणूस भज्यांवर गाव ठरवतो का?

तर आता बेकरी.

शेजारच्याच गल्लीत होती. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालेली, आत काळोख, काळोखाच्या टोकाला भट्टीचं लाल तोंड. एका दुपारी साखर संपली म्हणून मी सईला घेऊन निघाले आणि वासानं ओढत तिथं गेले. दारातल्या बाकावर मोठ्या पत्र्यांवर नानकटाया गार होत होत्या. रांगाच्या रांगा. फिक्या सोनेरी, वर चारोळी टोचलेली, कडेला बारीक तडा गेलेला. मी एक उचलून सईच्या हातात दिली आणि आत ओरडले, "चाचा, यातल्या पाव किलो द्या."

चाचा पंचा खांद्यावर टाकून बाहेर आले. पांढरी दाढी, भुवयांवर मैदा. सईच्या तोंडात अर्धी नानकटाई बघून ते थबकले.

"अरे बेटी, वो बेचने के नहीं हैं. वो घर के हैं."

"तुमच्या घरच्या?"

"मेरे नहीं. लोगां के."

मला काहीच कळेना. मग त्यांनी समजावलं. सुट्ट्या लागल्या की आसपासच्या गल्ल्यांतली माणसं घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात. इथंच टेबलावर मळतात, वळतात. पाव निघाले की भट्टीची आग मवाळ होते, तेव्हा पत्रे आत जातात. संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापला डबा घेऊन जायचा.

"सामान आपका, हात आपका," चाचा म्हणाले, "आग मेरी."

काय वाक्य आहे! मी तिथंच उभी राहून फोनमध्ये टाइप करून ठेवलं. मग एकदम धसका बसला. "पण मग ही कुणाची खाल्ली आम्ही?"

"अक्का की. डरो नक्को. वो कौनसा गिनती है."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. आपण पण करायच्या! ओव्हन खोक्यात होता, पण आता ओव्हन कशाला, अख्खी भट्टी आहे की. ते खोकं न उघडता काम होणार होतं, आणि हे माझ्या मनात आलं होतं, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि बेकरीच्या त्या गुळगुळीत लाकडी टेबलावर मी मळायला बसले. गरमीनं तूप असं पातळ झालेलं की गोळे हातातून निसटत होते. आई तिकडून ओरडतेय, "जास्त मळू नकोस!" मी इकडून ओरडतेय, "मळतच नाहीये, ते आपोआप होतंय!" कसेबसे गोळे वळले, पत्र्यावर मांडले, हात धुवायला गेले आणि परत येते तर सई स्टुलावर चढून एकेका गोळ्यात बोट खुपसतेय. एकही सोडला नव्हता! प्रत्येकाच्या बरोब्बर मधोमध खोल भोक.

"सई! अगं काय केलंस हे!"

तिचा चेहरा एकदम उतरला. "मी मोजत होते."

मी एक गोळा परत वळायला घेतला तर चाचांनी हात आडवा केला. "रहने दो. निशानी तो होना. नहीं तो कौनसा किसका, कैसा समझेंगा?"

मला वाटलं, म्हातारबाबा लेकराची बाजू घेतायत. इतका साधा नियम सांगत होते ते, आणि मी हसून मान डोलवली आणि सोडून दिलं. माझा निळ्या झाकणाचा डबा फळीवर ठेवला आणि नितीनला फोन केला, येताना बेकरीतून निळ्या झाकणाचा डबा घेऊन ये.

संध्याकाळी डबा उघडला आणि मी किंचाळले. इतक्या सुंदर! एकसारख्या, सोनेरी, खुसखुशीत, तोंडात टाकली की पीठ पीठ होऊन विरघळणारी. भोकं गायब.

"फुगून बुजली असतील," मी म्हणाले.

"आणि ही चारोळी?" नितीन.

"चाचांनी लावली असणार! बघ ना, भोकं वाईट दिसतील म्हणून प्रत्येकीवर चारोळी लावली. किती प्रेमळ लोक आहेत रे इथले."

नितीननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून पहिल्यांदाच उठले होते.  त्यानं नानकटाई चहात बुडवली आणि विरघळेपर्यंत विसरून गेला. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'मी केलेल्या!!!' आईचा लगेच मेसेज, 'चारोळी कधी घातलीस? मी बघत होते की.' मी तिला सोलापूरच्या माणसांच्या चांगुलपणावर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. फक्त सई डब्यात बघून म्हणाली, "ह्या माझ्या नाहीत." चार वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं?

डबा दोन दिवसांत साफ झाला. तिसऱ्या दुपारी दारात आवाज आला.

"कोण हाय गं घरात? पुण्याची तू न्हवं?"

"चिंचवडची," मी दार उघडत म्हणाले.

"तेच की."

पन्नाशीच्या एक बाई. हिरवं इरकल, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ, कपाळावर विभूतीची रेघ. हात मी ओळखत नव्हते पण त्या हातांचा आवाज ओळखत होते. रोज पहाटे समोरच्या घरातून भाकऱ्या थापल्याचा जो पट्पट् आवाज यायचा, तो यांचाच. कडक भाकऱ्या करून विकायच्या. अक्का. त्यांच्या हातात एक स्टीलची ताटली, वर रुमाल. रुमाल काढला. खाली एकच नानकटाई. मधोमध भोक.

"समद्या गल्लीत हिंडून आले," अक्का म्हणाल्या. "पोरं समदी गावाला गेल्यात. खालच्या वाण्याचा नातू हुता तेवढा, त्याचं बोट लई जाड. चाचा सांगंना, म्हणतो तूच हुडीक. आता ज्याचं बोट ह्यात बसंल, त्याची ही नानकटाई. हाय का कोण तुझ्याकडं बारीक बोटाचं?"

सई माझ्या मागं. ओढणीत तोंड खुपसून. तिला नवीन माणूस म्हटलं की त्या दिवसांत असंच व्हायचं.

"बा कूसू, बा," अक्का कानडीत म्हणाल्या, ये बाळा म्हणून, आणि हात पुढं केला. सई हलली नाही. मी म्हणणार होते, लाजते हो ती. पण अक्कांनी दुसऱ्यांदा बोलावलंच नाही. उंबऱ्याशी मांडी घालून बसल्या, पदरानं वारा घेतला आणि ताटलीतल्या नानकटाईशी बोलायला लागल्या.

"कोण न्हाय बग बाबा तुझं हितं. उगं हिंडलो उनातान्हात. चल, खाऊनच टाकते तुला आता." आणि मोठ्ठा आ केला.

"ए! ती माझी आहे!"

ओढणी सुटली. सई धावली, अक्कांच्या हातातून ती नानकटाई हिसकली आणि भोकात बोट घातलं. भट्टीत जरा फुगून भोक आवळलं होतं. बोट अडकलं, मग बसलं. गच्च. तिनं बोट हवेत उंच धरलं, त्यावर नानकटाई, अंगठीसारखी.

"गावली!" अक्कांनी टाळी वाजवली, पीठ उडालं.

आणि मग मला कळलं. म्हणजे डोक्यात असं एक-एक करून पडलं. निळं झाकण, अक्कांच्या डब्यालाही तेच. चारोळी. 'निशानी तो होना'.

"अक्का... म्हणजे आम्ही खाल्ल्या त्या..."

"माझ्या."

"चारोळी..."

"माझी. डबा आण की, बघू किती ऱ्हायल्यात."

मी रिकामा डबा पुढं केला. त्यांनी आत डोकावून बघितलं. "बोटानं पुसून बी घेतल्याव व्हय गं? मग आवडल्या म्हण."

"मी तर फोटो टाकला. आईला. मी केल्या म्हणून."

अक्का हसायला लागल्या त्या ठसका लागेपर्यंत. मी पाणी दिलं तर पाणी पिताना पुन्हा हसल्या. "आन आदल्या दिवशी एक गेली ती बी तुमीच न्हवं? पत्र्याव जागा मोकळी हुती."

चाचा म्हणाले होते की वो कौनसा गिनती है!

"आणि आमच्या कशा झाल्या होत्या?" मी चाचरत विचारलं.

"खरं सांगू? तूप कमी, साखर भरमसाट." मग सईकडे बघून डोळे बारीक केले. "पर भोक लई कामाचं. आमच्या मालकांनी काय केलं, त्यात शेंगा चटणी भरली. गोडावर तिखट. समद्या संपल्या. ही येकच ठिवली, बोट हुडकायला."

त्या दिवशी सई अक्कांच्या मागं मागं जिना उतरून समोरच्या घरात गेली. मी खिडकीतून बघत होते. अक्कांनी तिला पिठाचा गोळा दिला. थोड्या वेळानं भाकऱ्यांच्या पट्पट् आवाजाच्या मागं एक बारीक, उशिरा येणारा पट् ऐकू यायला लागला.

ताटली इथंच राहिली होती. आणि रिकामी ताटली परत द्यायची नसते, हे चिंचवडलाही तसंच आहे, करकंबलाही. काय करावं? मला एकच गोष्ट खरंच चांगली जमते, खोबऱ्याचा केक. तो करायला साचा लागतो. ओव्हन लागतो. मी खोक्यांच्या भिंतीसमोर उभी राहिले. बराच वेळ. मग भाजी चिरायची सुरी घेतली आणि 'स्वयंपाकघर – नाजूक'वरची चिकटपट्टी सर्रकन फाडली.

काचेचे बाऊल वर्तमानपत्रातून निघाले. वर्तमानपत्र पुण्याचं होतं. मी बातम्या वाचत बसले नाही.

नितीन आला तेव्हा घरात खोबऱ्याचा वास होता आणि ते खोकं दाराशी पालथं पडलं होतं. त्यानं बूट काढले. ओव्हनकडे बघितलं. खोक्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बसून त्यानं नेहमीसारखी त्याची एक बाजू आत दुमडली, मग थांबला.

"हे ठिवायचं का?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा काढायचा प्रयत्न करत होता बिचारा.

"टाक," मी म्हणाले.

त्यानं कपाटाकडे मान वळवली. "आन ती कपाटामागची?"

"ती पण."

तो उठला, आणि सगळी खोकी एकदम कवेत घेऊन जिना उतरायला लागला. समोरचं दिसत नव्हतं त्याला, पायरी पायानं चाचपत चालला होता आणि खाली जाता जाता ओरडत होता, "अक्काऽऽ, पुट्ठा पायजे का पुट्ठा? चांगला हाय!" कपाट भिंतीला टेकलं. खोली एवढी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी भेळ खायला गेलो. सईनं भेळ अर्धीच खाल्ली. "चला ना आता," ती म्हणाली, "घरी चला. अक्का वाट बघत असेल." पुढं नितीनची पाठ होती. ताठ नव्हती.

शाळा जूनला इथंच सुरू झाली. पहिल्या दिवशी ती रडली, सगळी रडतात.

आता असं झालंय की शहर तीच आम्हाला दाखवते. जिरं घातलेले बेकरीचे कडक बटर चहात किती वेळ बुडवायचे, कुठल्या गाड्यावरची चटणी दुसऱ्यांदा मागितली तरी चालते, सगळं तिला पाठ. मी अजून चिंचवडची आहे, अक्का अजून मला पुण्याचीच म्हणतात. मधे महिनाभर आईकडे राहिले तर तिथल्या नानकटायांना मी नाकं मुरडली. आई म्हणाली, "बाई बाई, झाली सोलापूरची." मी वाद घातला, पण तोंडात शेंगा चटणी होती त्यामुळे नीट ऐकू गेलं नसेल.

आणि चटणीवरून आठवलं, गल्लीत आता भोकाच्या नानकटाया सगळेच करतात! वाण्याकडे करतात, चाचांच्या सूनबाई करतात. पण भोक पाडायचा मान सईचा. तिला घरोघरी बोलावतात. निशाणी म्हणून तिचा उपयोग राहिलेला नाही, सगळ्यांच्याच पत्र्यावर तिचं बोट. निळ्या झाकणांवर तेवढ्या आता आम्ही ऑइलपेंटनं खुणा काढून घेतल्यात, आमच्या झाकणावर दोन पाय बाहेर आलेलं पांघरूण आहे. सईनंच काढलं. नितीन म्हणतो पुसून टाक, पण पुसत नाही.

तर आज दुपारी डबा काढला, मीटिंग संपवली आणि सामान घेऊन आम्ही दोघी बेकरीत गेलो. अक्का आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांचा एक पत्रा तयार होता. चाचा भट्टीत डोकावून आग बघत होते. सईनं हात धुतले, स्टुलाची आता गरज नव्हती, आणि पहिल्या गोळ्यात बोट घातलं.

गोळा फुटला. कडेपर्यंत तडा.

तिनं दुसऱ्यात घातलं. तोही दुभंगला. ती आपल्या बोटाकडे बघत राहिली, जणू कुणीतरी रात्रीतून बदलून ठेवलं होतं.

"बोट मोठं झालं गं तुझं," अक्का म्हणाल्या.

सईचे डोळे भरायला लागले. मी घाईघाईनं म्हणाले, आपण गोळे मोठे करू, चमच्याच्या दांड्यानं भोकं पाडू. "चमच्यानं नाही," ती म्हणाली. चाचांनी पण मान हलवली. "चम्मच नक्को."

मग तिनं बोट मिटलं, जरा विचार केला आणि करंगळी पुढं काढली. हळूच टेकवली. दाबली. गोळा थोडा पसरला, कडा गोल राहिली, आणि मधोमध ते भोक. अगदी तसंच. तेवढंच.

"बसती की करंगळी!" अक्का वाकून बघत म्हणाल्या. त्यांनी सईचा हात स्वतःच्या पिठाळ हातात घेतला, करंगळी उलटीसुलटी करून बघितली, भाजी घेताना बघतात तशी, आणि चाचांना सांगितलं, "अजून दोन उन्हाळे जाईल ही. मग बगू."

"हौ," चाचा म्हणाले. "दो तो आरामसे."

दोन उन्हाळ्यांनंतर आम्ही कुठं असू, हे त्या भट्टीसमोर कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी पुढचा गोळा वळून सईच्या करंगळीखाली सरकवला.